साक्ष आणि निवेदन : एका कोरियन कथेची वाटचाल

‘अविश्वसनीय निवेदक’ ही संज्ञा वेन बूथ यांनी १९६१ मध्ये समीक्षेत आणली. परंतु सांगणाऱ्यावर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न त्या संज्ञेहून पुष्कळ जुना आहे. एखाद्या समाजाने हा प्रश्न कोणाच्या बाबतीत विचारला आणि कोणाच्या बाबतीत विचारलाच नाही, हे पाहिले असता त्या समाजाच्या न्यायकल्पनेचा माग लागतो. किम जी-वून यांचा ‘अ टेल ऑफ टू सिस्टर्स’ (२००३) हा कोरियन रहस्यपट या दृष्टीने अभ्यसनीय आहे. कारण त्याच्या मुळाशी जोसॉन राजवटीतील ‘जांगह्वा आणि होंगर्योन’ ही बहिणींची कथा आहे.

सतराव्या शतकात चॉल्सान येथे अधिकारी असलेल्या जॉन दोंग-हुल यांच्याशी ही कथा परंपरेने जोडली जाते. सावत्र आई सोललेला उंदीर जांगह्वाच्या अंथरुणात ठेवते आणि तिने गर्भपात केल्याचा आळ घेते. जांगह्वाला तळ्यात बुडवले जाते. होंगर्योन तिच्यामागून जीव देते. दोघींची भुते दाद मागण्यासाठी अधिकाऱ्यांसमोर प्रकटतात, आणि एकामागून एक अधिकारी भयाने मरतात. शेवटी एक धीराचा अधिकारी त्यांचे ऐकून घेतो. तथापि, सावत्र आईने पुढे केलेला पुरावा पाहून तोही आधी फसतो. भुतांच्या सांगण्यावरून तो ‘गर्भ’ चिरला जातो, तेव्हा कोठे सत्य उघडकीस येते.

या वैराचे मूळ संपत्तीत आहे, हे विसरता कामा नये. घरातील धन मृत आईकडून आलेले असते, आणि मुलींच्या विवाहात ते जाईल ही सावत्र आईची धास्ती असते. कोरियात पूर्वी मुलामुलींना वारसा समान मिळे. सतराव्या शतकापासून मुलींचा वाटा आक्रसत गेला आणि ज्येष्ठ पुत्राचा वाढला. या स्थित्यंतराचा ताण कथेने एका दुष्ट स्त्रीच्या माथी मारला. तिची बाजू ऐकण्याची गरज कथेला कधी भासली नाही. मृत मुलींचा शब्द मात्र निर्विवाद खरा.

१९२४ मध्ये, जपानी अंमलात, सोल येथील दानसोंगसा चित्रपटगृहाने या कथेवर मूकपट काढला. त्या काळी पडद्याजवळ उभा राहून ‘ब्यॉन्सा’ नावाचा निवेदक कथा सांगत असे. प्रेक्षकांना अर्थ लावून देणारा हा निवेदक कथेच्या बाहेरचा होता, म्हणूनच तो विश्वासार्ह ठरे. पुढे १९३६, १९५६, १९६२ आणि १९७२ मध्येही ही कथा पडद्यावर आली.

२००३ च्या चित्रपटात अधिकाऱ्याच्या जागी डॉक्टर आहे. त्या दिवशी काय घडले, असे तो सू-मी या मुलीला विचारतो. त्यानंतर आपण घर पाहतो ते तिच्या नजरेने : भेदरलेली धाकटी बहीण सू-यॉन, क्रूर सावत्र आई उन-जू आणि मूक पिता. पुढे उलगडते की धाकटी बहीण केव्हाच मरण पावली आहे, आणि आपण पाहिलेली सावत्र आई बहुतांशी सू-मीनेच धारण केलेले रूप आहे. आईने कपाटात गळफास घेतला होता. तेच कपाट सू-यॉनच्या अंगावर कोसळले होते. उन-जूने ते पाहिले आणि ती माघारी फिरली; वाटेत भेटलेली सू-मी तिच्याशी भांडून, काही न कळता, रागाने घराबाहेर पडली.

चित्रपट सावत्र आईला निर्दोष ठरवत नाही. परंतु दोषाचा एक वाटा सांगणारीकडेही येतो, आणि तो सोसवत नाही म्हणूनच तिचे निवेदन खोटे होते. जुन्या कथेत असत्य पुराव्यात होते; येथे ते साक्षीतच शिरले आहे.

यात खरी कसोटी प्रेक्षकाची लागते. एका मुलीच्या सांगण्यावरून आपण उन-जूला तासाभराहून अधिक काळ दोषी मानतो, कारण सावत्र आई दुष्टच असते हे आपण कथांतून आधीच शिकलेलो असतो. चॉल्सानच्या अधिकाऱ्याला निदान ‘गर्भ’ चिरून पाहण्याची बुद्धी झाली. आपल्यापैकी किती जण, निकाल देण्यापूर्वी, हाती दिलेली कथा तशी चिरून पाहतात?