शिकारखान्यांतील जनावरांची ‘शांतता’

पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशीं पेशव्यांचा शिकारखाना होता. त्यांतील गेंड्याचें गंगाराम तांबट यानें नोव्हेंबर १७९० मध्यें काढलेलें चित्र आज अमेरिकेंत येल येथील संग्रहांत आहे. मेजर प्राइस यानें तेथें सिंहही पाहिला होता. अशा चित्रांवरून व प्रवाशांच्या टिपणांवरून आपण अमुक जनावर ‘शांत’, तमुक ‘क्रुद्ध’ असें बिनदिक्कत लिहितों. परंतु तें पाहणाराचें अनुमान असतें, जनावराची साक्ष नव्हे.

पहिली अडचण नांवाची. मुळशीकडे, माणच्या बाजूस, बिबळ्यालाही सर्रास वाघच म्हणतात. जुन्या कागदांतील ‘वाघ’ म्हणूनच संशयास्पद. आणि जात ठरल्यावांचून खूण लागत नाहीं. पट्टेरी वाघ सलगीनें नाकांतून फुरफुरतो, सिंह तसें करीत नाहीं. वाघानें कान असे फिरविले कीं मागील पांढरे ठिपके समोरून दिसूं लागले, तर तो धमकावणीचा इशारा होय. उलट, वास हुंगून ओठ वर उचलणें व तोंड उघडें ठेवणें हा राग नव्हे. टाळूवरील गंधेंद्रियाकडे वास नेण्याची ती क्रिया आहे. चित्रकारास मात्र तींत गुरकावणेंच दिसणार!

सर्वांत फसवी खूण येरझारांची. पिंजऱ्यांत एकाच वाटेनें फिरणाऱ्या श्वापदास प्रेक्षक ‘रुबाबदार’ म्हणतात. क्लब व मेसन यांनीं २००३ मध्यें दाखविलें कीं, रानांत ज्यांचा वावर विस्तीर्ण, त्याच मांसाहारी जातींत ही खोड अधिक. हेडिगर यानें १९४२ सालींच बंदिस्त जनावरापासून माणसानें राखावयाच्या अंतराचा विचार मांडला होता. साखळीनें बांधलेलें श्वापद हें अंतर स्वतः वाढवूं शकत नाहीं, तेव्हां त्याचें निश्चल बसणें म्हणजे माणसाळणेंच, असें कसें म्हणावें?

कोल्हापूर संस्थानांत विसाव्या शतकांत शिकारीचे चित्ते आफ्रिकेंतून आणीत. शिकारीस नेतांना चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी असे, म्हणजे वाचावयास उरत ते कान, शेपूट व अंगाचा ताण. हें वाचन चित्तेवानांस रोजच्या पोटापाण्याचें होतें. त्यांच्या हिशेबाचे वा आठवणींचे कागद कोणा संग्राहकाच्या दप्तरांत पडून असल्यास ते अवश्य उजेडांत आणावेत.