नाट्यप्रयोग अधिनियम, १८७६

रंगभूमीवरील प्रयोगांस मनाई करण्याचा अधिकार सरकारला देणारा ब्रिटिश अमदानीतील कायदा. त्याचा उगम कलकत्त्यास झाला. निळीच्या मळेवाल्यांचे जुलूम दाखविणाऱ्या दीनबंधू मित्र यांच्या नीलदर्पण (१८६०) या नाटकाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्याबद्दल १८६१ मध्ये रेव्हरंड जेम्स लाँग यांना कारावास झाला होता; परंतु कायद्याचे निमित्त ठरले ते एक प्रहसन. युवराज (पुढे सातवे एडवर्ड) हिंदुस्थानच्या दौऱ्यावर असता जगदानंद मुखर्जी या वकिलांनी त्यांना आपल्या अंतःपुरात नेऊन घरातील स्त्रियांकरवी त्यांचे स्वागत करविले. ग्रेट नॅशनल थिएटरने या प्रसंगाची टर उडविली. फेब्रुवारी १८७६ मध्ये लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी वटहुकूम काढला व डिसेंबरात त्याचा कायदा झाला.

बदनामीकारक, सरकारविषयी अप्रीती उत्पन्न करणारा किंवा प्रेक्षकांची नीती बिघडविणारा प्रयोग यान्वये बंद करता येई. आज्ञाभंगास तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड अथवा दोन्ही शिक्षा होत. पोलिसांना पडदे व पोशाखही जप्त करता येत. धार्मिक उत्सवांतील ‘जात्रा’ व तत्सम खेळ मात्र यातून वगळले होते. धर्माच्या प्रांतात हात घालण्यास सरकार कचरत होते, असे यावरून दिसते.

हीच वाट मराठी नाटककारांना सापडली. विष्णुदास भावे यांच्या सीतास्वयंवरापासून (१८४३) पौराणिक कथानक मराठी प्रेक्षकांच्या अंगवळणी पडलेले होते. केसरीतील टिळकांचे सहकारी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर (१८७२–१९४८) यांनी महाभारतातील विराटपर्वाच्या आधारे कीचकवध हे नाटक लिहिले. १९०७ मध्ये ते रंगभूमीवर आले. विराटाचा उन्मत्त मेहुणा कीचक सैरंध्रीची अभिलाषा धरतो, युधिष्ठिर सबुरीचा उपदेश करतो आणि भीम कीचकास ठार मारतो, ही कथा सर्वपरिचित होती. नाटकात इंग्रजांचे नाव कोठेही नाही. तथापि वंगभंगाला (१९०५) दोनच वर्षे झालेली. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे हिंदभूमी, युधिष्ठिर म्हणजे नेमस्त पक्ष व भीम म्हणजे जहाल, हे प्रेक्षकांना कोणी सांगावे लागले नाही. महाराष्ट्र नाटक मंडळीचे प्रयोग गर्दीने भरून जात. या रूपकाचे सर्वांत स्पष्ट विवरण लंडनच्या द टाइम्समध्ये छापून आले, ही गोष्ट मौजेची आहे. व्हॅलेंटाइन चिरोल यांच्या इंडियन अन्‍रेस्ट (१९१०) या ग्रंथातही त्याची दखल आहे.

सरकारची खरी अडचण येथे होती. संहितेतील कोणतेही एक वाक्य राजद्रोही म्हणून दाखविता येत नव्हते. अर्थ प्रेक्षकांच्या मनात तयार होत होता. बंदी घालणे म्हणजे कीचक कोण, हे सरकारने आपण होऊन सांगणे होते. तीन वर्षांनी, १९१० मध्ये, सरकारने बंदी घातली व तसे सांगूनही टाकले. टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते.

स्वातंत्र्यानंतरही हा कायदा टिकला, याचे आश्चर्य वाटते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९५६ मध्ये तो घटनाविरोधी ठरविला. महाराष्ट्रात त्याऐवजी परिनिरीक्षण मंडळाच्या पूर्वसंमतीची पद्धत अधिक जाचक ठरली. विजय तेंडुलकर यांच्या सखाराम बाइंडर (१९७२) या नाटकाला त्यामुळे मुंबई उच्च न्यायालयात दाद मागावी लागली आणि निकाल नाटकाच्या बाजूने लागला. मूळ कायदा संसदेच्या निरसन अधिनियमाने २०१८ मध्ये रद्द झाला.