लॉग टेबल : चारशे वर्षांची युक्ती आणि बारावीचा पेपर

१/
महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेवर एक सूचना छापलेली असते : लॉग टेबल वापरण्यास परवानगी आहे, कॅल्क्युलेटर वापरण्यास नाही. म्हणून ठाणे जिल्ह्यातील शहापूर-मुरबाडचा विद्यार्थीही आकड्यांनी भरलेली ती पातळ पुस्तिका घेऊन परीक्षेला बसतो. श्रम वाचवण्यासाठी जन्मलेली ही युक्ती आज ओझे का वाटते, त्याचा हा मागोवा.

२/
आधी नेमकी अडचण पाहू. एका द्रावणात लिटरमागे ०.००००२ मोल हायड्रोजन आयन आहेत, पीएच किती? टेबलात २ समोर ०.३०१० सापडतात. दशांशचिन्हाच्या जागेवरून पूर्णांकी भाग येतो उणे ५. अनेक जण दोन्ही जोडून ५.३०१० लिहितात. पण टेबलातला दशांश भाग नेहमी धन असतो. उणे ५ मध्ये ०.३०१० मिळवायचे, बेरीज उणे ४.६९९० आणि पीएच ४.६९९०. उत्तरांतला फरक किरकोळ दिसतो. प्रत्यक्षात हायड्रोजन आयनांचे प्रमाण चौपटीने चुकते.

३/
या कल्पनेचे एक जुने रूप भारतात आढळते. राष्ट्रकूटांच्या काळात, ९ व्या शतकात, जैन आचार्य वीरसेन यांनी ‘धवला’ या टीकाग्रंथात ‘अर्धच्छेद’ ही संज्ञा वापरली. संख्या जितक्या वेळा निम्मी करत १ पर्यंत आणता येते, तितके तिचे अर्धच्छेद. ८ चे ३, ४ चे २. आणि ८ × ४ म्हणजे ३२ चे ३ + २ म्हणजे ५. गुणाकाराची बेरीज होते, हे लॉगचे मर्म येथे स्पष्ट आहे. मात्र आजचे टेबल या परंपरेतून आलेले नाही.

४/
ते आले स्कॉटलंडमधून. एडिंबरोजवळच्या मर्चिस्टनचे जमीनदार जॉन नेपियर यांनी सुमारे वीस वर्षे खपून १६१४ साली आपली लॉगरिदमची कोष्टके प्रसिद्ध केली. खगोलशास्त्रज्ञांना आणि दर्यावर्दींना सात-आठ अंकी संख्यांचे गुणाकार-भागाकार रोज करावे लागत. नेपियर यांनी गुणाकाराच्या जागी बेरीज आणि भागाकाराच्या जागी वजाबाकी आणली.

५/
लंडनचे प्राध्यापक हेन्री ब्रिग्ज १६१५ मध्ये नेपियर यांना भेटण्यासाठी एडिंबरोला गेले. दहा हा पाया धरलेले लॉग या दोघांच्या विचारविनिमयातून आकारास आले. ब्रिग्ज यांनी १६२४ मध्ये १४ दशांश स्थळांपर्यंतचे टेबल छापले. त्यातील २०,००० ते ९०,००० ही राहिलेली जागा १६२८ मध्ये हॉलंडच्या आड्रियान व्लाक यांनी भरून काढली. त्यानंतर आठच वर्षांनी, १६३६ मध्ये, शहापूरजवळच्या माहुली किल्ल्यावर शहाजीराजांना वेढा पडला आणि निजामशाही संपली. त्या धामधुमीइतकेच हे टेबल जुने आहे.

६/
मराठी मुलखाला कोष्टके परकी नव्हती. गावोगावच्या पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी घोकून घेतली जात. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. बाजारातला हिशेब त्यावर तोंडी होई. पण पाढा आणि लॉग टेबल यांत मूलभूत भेद आहे. पाढा स्मरणात ठेवण्यासाठी असतो. लॉग टेबल स्मरणाचा भार उतरवण्यासाठी. तेथे पाठ असावा लागतो तो केवळ वापरण्याचा नियम.

७/
१९ व्या शतकात हे टेबल सर्वेक्षकांच्या तंबूत पोहोचले. त्रिकोणमितीय सर्वेक्षणात एक बाजू मोजायची, कोन घ्यायचे आणि उरलेल्या बाजू साइनच्या सूत्राने काढायच्या. प्रत्येक त्रिकोणामागे लांबलचक गुणाकार आणि भागाकार. मुंबई इलाख्यात या कामावर असलेले कंपनी सरकारचे अधिकारी रॉबर्ट शॉर्टरीड यांनी १८४४ मध्ये स्वतःच सात दशांश स्थळांचे लॉग टेबल प्रसिद्ध केले. त्यात १ ते १,२०,००० या संख्यांचे लॉग होते. कोनांच्या साइन-टॅन्जंटचे लॉग तर प्रत्येक सेकंदाला दिलेले होते.

८/
शहापूर तालुक्यातील तानसा धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले आणि तेथील पाणी उतारावरून वाहत मुंबईला पोहोचू लागले. नळातून किती पाणी वाहील, याचे जगभर रूढ झालेले हेझन-विल्यम्स सूत्र १९०५ चे. त्यात नळाच्या मापाशी निगडित राशीचा घात ०.६३, तर उताराचा ०.५४ असतो. एखाद्या संख्येचा ०.५४ वा घात साध्या गुणाकाराने निघत नाही. लॉग काढा, ०.५४ ने गुणा, अँटिलॉग पाहा. तीन पायऱ्यांत उत्तर. नळाने येणाऱ्या पाण्यामागे अशीही आकडेमोड असते.

९/
रसायनशास्त्रात लॉग स्थिरावला तो वेगळ्या कारणाने. १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन सोरेन्सेन यांनी पीएच ही संकल्पना मांडली. बिअर उत्पादकाने स्थापलेल्या या प्रयोगशाळेत विकरांवर, म्हणजे एन्झाइमांवर, काम चाले आणि विकरांचे कार्य आम्लतेवर अवलंबून असते. पाण्यातील हायड्रोजन आयनांचे प्रमाण कोट्यवधी पटींनी बदलते; लॉगमुळे तो सारा विस्तार साधारण ० ते १४ या पट्टीत मावला.

१०/
अभिक्रियेच्या वेगाच्या सूत्रातील २.३०३ हा आकडाही अनेकांना कोड्यात टाकतो. निसर्गातील ऱ्हास ‘ई’ या संख्येच्या पायावर चालतो, टेबल मात्र दहाच्या पायावर छापलेले असते. एका पायावरून दुसऱ्यावर जाण्याचा भाव म्हणजे २.३०३. त्यात रसायनशास्त्र काहीच नाही. ती ब्रिग्ज यांच्या टेबलाची खूण आहे.

११/
१९७२ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डचा एचपी-३५ हा खिशात मावणारा वैज्ञानिक कॅल्क्युलेटर बाजारात आला आणि लॉगची आकडेमोडीतील साडेतीनशे वर्षांची सत्ता ओसरू लागली. अभियंत्यांची स्लाइड रूल कपाटात गेली. लॉग ही संकल्पना टिकली. तिच्यामुळे वाचणारे श्रम मात्र नजरेआड झाले. महाराष्ट्रातील परीक्षेत टेबल राहिले, त्यामागची गरज सांगणारा प्रसंग राहिला नाही.

१२/
वाड्या-पाड्यांवरील मुलांसाठी यात आणखी एक पायरी असते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीला विज्ञान शाखा इंग्रजीत. ‘कॅरॅक्टरिस्टिक’ आणि ‘मँटिसा’ हे शब्द अर्थाविना समोर येतात आणि अर्थाविना पाठ केलेले लवकर विसरते. मग गणित विसरल्याचा दोष विद्यार्थी स्वतःकडे घेतो. वास्तविक पहिला शब्द म्हणजे दशांशचिन्हाची जागा आणि दुसरा म्हणजे टेबलातले अंक. एवढाच त्यांचा अर्थ.

१३/
हातात टेबल नसतानाही त्याची परीक्षा घेता येते. २ चा लॉग ०.३०१०, ३ चा ०.४७७१. बेरीज ०.७७८१, टेबलात ६ समोर नेमके ०.७७८२ आहेत. शेवटच्या अंकातील तो एकचा फरक म्हणजे चूक नव्हे; चार दशांश स्थळांपाशी थांबल्याची ती किंमत आहे. ब्रिग्ज चौदा स्थळांपर्यंत का गेले, याचे उत्तर त्या एका अंकात आहे.