कर्मशाळेंतील ऊब

थंड देशांतील अनेक घरांना लागून मोटार ठेवण्याची एक खोली असते, आणि हौशी मनुष्य तिलाच आपली कर्मशाळा करतो. पण हिवाळा आला कीं तेथें सरस धरत नाहीं, रंग वाळत नाहीं आणि गारठलेल्या बोटांत पटाशी स्थिर राहत नाहीं. मग ऊब कोणत्या साधनानें आणावी, असा प्रश्न उभा राहतो. केवळ किंमत पाहून तो सुटत नाहीं. मनुष्यानें आजवर त्याचीं जीं उत्तरें शोधलीं तीं पाहिलीं, म्हणजे निवड पुष्कळ सोपी होते.

आरंभ बेंजामिन फ्रँक्लिनपासून करूं. अठराव्या शतकांत फिलाडेल्फियाच्या घरांतून भिंतींतील उघडी चूल पेटे. तिची बहुतेक उष्णता धुराड्यावाटे आकाशांत जाई. फ्रँक्लिननें १७४२ च्या सुमारास ओतीव लोखंडाची एक शेगडी योजिली. तिच्या पोकळीत हवा तापून खोलींत यावी आणि धुरानें वळसा घेऊन मग धुराड्यांत जावें, अशी तिची रचना होती. १७४४ सालीं त्यानें तिच्यावर एक पुस्तिका लिहिली. पेनसिल्व्हानियाच्या गव्हर्नरानें पेटंट देऊं केलें असतां, दुसऱ्यांच्या शोधांचा लाभ आपण घेतों, तर आपलाही शोध मोकळ्या हातानें द्यावा, असें म्हणून त्यानें तें नाकारलें. तथापि शेगडींत एक दोष होता. तप्त धुराचा स्वभाव वर चढण्याचा. त्याला आधीं खालीं उतरावयास लावल्यामुळें ओढ मंदावे आणि धूर खोलींत परते. पुढील कारागिरांनीं त्याची वाट बदलून ही उणीव दूर केली.

दुसरा विचार असा निघाला कीं विस्तव माणसापाशीं ठेवावाच कशाला? १८०० च्या सुमारास बोल्टन आणि वॅट यांच्या कंपनीनें कापसाच्या गिरण्यांत वाफेच्या नळ्या फिरवून ऊब पुरविली. जाळ मात्र वेगळ्या जागीं राहिला. त्याच १८०० सालीं विल्यम हर्शेल यानें सूर्यप्रकाशाच्या वर्णपटांत तांबड्या रंगापलीकडे तापमापक ठेवला, तेव्हां दिसेनाशा किरणांनींही पारा चढला. उष्णता न दिसणाऱ्या किरणांच्या रूपानेंही प्रवास करते, हें यावरून कळून आलें.

विस्तव जवळ ठेवण्याची किंमत किती भयंकर असूं शकते, तें १९०२ च्या सप्टेंबरांत जगाला दिसलें. पॅरिस येथें कादंबरीकार एमिल झोला हा शयनगृहांत विस्तव ठेवून निजला. धुराड्याची वाट चोंदलेली होती. सकाळीं तो मृत आढळला. पत्नी तेवढी वांचली. कोळसा वा लांकूड अर्धवट जळलें म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा वायु निर्माण होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. क्लॉड बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानें दाखविलें कीं तो रक्तांतील तांबड्या द्रव्याला चिकटून प्राणवायूची जागा बळकावतो. पुढें हॉल्डेन यानें १८९५ सालीं तो स्वतः हुंगून त्याचे परिणाम नोंदले. त्याची चिकटण्याची शक्ति प्राणवायूच्या दोनशेंपटींहून अधिक आहे. म्हणून गुंगी आलेल्या मनुष्याला उठून दार उघडण्याचेंही बळ उरत नाहीं. आपल्याकडे थंडीच्या रात्रीं दारें लावून उशाशीं कोळशाची शेगडी ठेवणाऱ्यांनींही हें विसरूं नये.

१९०६ सालीं अमेरिकेंत अल्बर्ट मार्श यानें निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूचें पेटंट घेतलें. ही तार लालबुंद झाली तरी हवेंत लवकर जळून जात नाहीं. विजेचे तापक त्यामुळें टिकाऊ झाले, आणि खोलींत धूर व वायु न होतां ऊब मिळूं लागली. मात्र एक हिशेब ध्यानांत ठेवावा. साध्या तारेच्या तापकांत एका युनिटामागें सुमारें ८६० किलोकॅलरीच उष्णता मिळते, मग यंत्र स्वस्त असो वा महाग.

आतां निवडीकडे वळूं. प्रथम दाराखालील फटी व उघडें छप्पर बंद करावें. गळक्या घागरींत पाणी भरण्यांत अर्थ नाहीं. दार वारंवार उघडावें लागत असेल, तर हर्शेलच्या किरणांचा उपयोग करणारा तापक बरा. तो हवेपेक्षां कारागिराला व त्याच्या हत्यारांना ऊब देतो. खोली बंदिस्त असेल, तर हवा तापविणारें यंत्र चालेल. गॅस, तेल वा लांकूड जाळावयाचें असेल, तर धूर थेट बाहेर नेणारी नळी आणि ताजी हवा आंत येण्याची वाट यांवांचून तें पेटवूं नये. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारें यंत्र आज मिळतें, तेंही भिंतीवर लावावें.

मोटारीच्या खोलींत आणखी एक शत्रु असतो. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते व जमिनीलगत पसरते. म्हणून अमेरिकेंतील नियमांप्रमाणें ठिणगी पाडणारें उपकरण जमिनीपासून निदान १८ इंच उंच बसवावें लागतें. भुसा व रंगाचे डबेही तापकापासून दूर ठेवावेत.

ज्यानें तापक घ्यावयाचा, त्यानें दुकानांत पहिला प्रश्न किती ऊब मिळेल हा न विचारतां, जळलेलें कोठें जाईल हा विचारावा. फ्रँक्लिनची शेगडी याच प्रश्नाशीं अडखळली होती, आणि झोलाच्या मृत्यूनेंही तोच प्रश्न विचारला.