फ्रेमच्या बाहेरची फॅक्टरी

गेल्या शनिवारी आमच्या घरात एक ऐतिहासिक घटना घडली. आमची लेक पहिल्यांदा पालथी पडली. आणि खरं सांगायचं तर मी ती पाहिली नाही, शूट केली.

झालं असं, की बायको सतरंजीवर तिच्या शेजारी खुळखुळा घेऊन बसली होती. पिल्लाचा एक पाय वर, एक हात अडकलेला, चेहरा लालबुंद. आता पडणार, मग पडणार असं चाललेलं. मी मोबाइल धरून जमिनीवर आडवा. आणि ऐन क्षणी माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं जरा सरक ना, फ्रेममध्ये येतेयस."

ती सरकली. काही बोलली नाही. लग्न झालेल्या कुठल्याही माणसाला हे सांगायला नको, की बायको काही बोलली नाही हे लक्षण बरं नसतं :)

आता थोडी पार्श्वभूमी. आम्ही राहतो ताथवड्यात. आयटीतल्या माणसाला साजेशी जागा, म्हणजे हिंजवडी जवळ आणि तरीही भूमकर चौकामुळे लांब. घरात साडेचार महिन्यांची मुलगी आहे आणि तिच्या रात्रीच्या झोपेची आम्ही प्रॉडक्शन सपोर्टसारखी शिफ्ट लावून घेतलीय. बारा ते तीन माझी. पायांवर उशी, उशीवर लेक, समोर टीव्ही आणि आवाज बंद. नव्या बापाला पिक्चर, क्रिकेट आणि कॉमेडी यांच्यासाठी वेळ मिळत नाही असं म्हणतात, ते खोटं आहे. वेळ भरपूर मिळतो, फक्त आवाज मिळत नाही. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून वर्ल्ड कप जिंकला, तेव्हा मी मांडीवर दीड महिन्याची पोर घेऊन तोंडावर लंगोट दाबून ओरडलो होतो. (धुतलेला होता.)

तर त्या शनिवारच्या रात्री, अबोल्याच्या वातावरणात, मी शिफ्टला 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' लावला. परेश मोकाशींचा २००९ चा पिक्चर, आपल्याकडून ऑस्करसाठी पाठवला गेलेला. कॉलेजात असताना पाहिला होता तेव्हा भरपूर हसलो होतो. धुंडिराज गोविंद फाळके नावाचा एक खटपट्या माणूस, कपाटापासून सगळं विकत सुटलेला, पुरुषांना साड्या नेसवणारा. धमाल. या वेळी मात्र बापाच्या नजरेने पाहिला आणि फाळक्यांपेक्षा माझं लक्ष त्यांच्या घरातल्या माणसांकडेच जास्त गेलं. मग रविवारी पिल्लू झोपलं की वाच, असं करत फाळके पुन्हा वाचून काढले. हा लेख त्यातून आलाय.

फाळक्यांचा जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईचं जे. जे. स्कूल, बडोद्याचं कलाभवन, मग गोध्रा इथे फोटोग्राफीचा धंदा. या गोध्र्याच्या मुक्कामातच प्लेग आला आणि त्यात त्यांची पहिली बायको आणि मूल दोघंही गेली. प्लेग म्हटलं की आमच्या भागातल्या माणसाला चिंचवडचा चापेकर वाडा आठवतो आणि १८९७ मध्ये रँडवर झाडलेल्या गोळ्या आठवतात. तीच ती साथ. पाठ्यपुस्तकात ती आपण एका इंग्रज अधिकाऱ्याची गोष्ट म्हणून वाचली. तिशीच्या एका तरुणाचं अख्खं घर त्यात पुसलं गेलं होतं, हे मात्र मी बाप झाल्यावर पहिल्यांदा थांबून वाचलं.

१९०२ मध्ये त्यांनी पुन्हा लग्न केलं. मुलगी गिरिजा करंदीकर, लग्नानंतर नाव सरस्वती. मग पुरातत्त्व खात्यातली नोकरी, ती सोडून छपाईचा धंदा. आपण लोणावळा लोकलने जाताना मळवली स्टेशन लागतं ना, तिथे राजा रविवर्म्यांचा छापखाना होता. त्या कामाशीही फाळक्यांचा संबंध आला होता. पुढे भागीदारांशी पटलं नाही आणि तो चालता धंदाही सोडला. म्हणजे चाळिशीत आलेला, पोरंबाळं असलेला माणूस, नोकरी नाही, धंदा नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर हातात ऑफर लेटर नसताना राजीनामा.

आणि नेमका तेव्हा, १९१०-११ च्या सुमारास, गिरगावात तंबूवजा अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावरची फिल्म पाहिली. ती पाहताना डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण दिसू लागले, असं त्यांनी स्वतःच पुढे 'नवयुग' मासिकात लिहिलंय. मग ते पुन्हा तीच फिल्म बघायला गेले, पण या वेळी बायकोला घेऊन. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. वेड लागल्यावर माणूस आधी भांडवलदाराकडे गेला नाही, बायकोला खेळ दाखवायला घेऊन गेला.

पुढचं वेड मात्र त्याला-तिला विचारून आलेलं नव्हतं. रोज तासन् तास फिल्म बघणं, उरलेल्या वेळात प्रयोग, झोप जेमतेम. इतकं की काही काळ त्यांची दृष्टीच गेली. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि चष्म्यांनी ती परत आली. मग आयुर्विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत शिकले आणि दोनेक महिन्यांत परत आले. सोबत विल्यमसन कॅमेऱ्याची ऑर्डर. आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र.

हे भोकांचं प्रकरण आपल्या पिढीला सांगावं लागेल. फिल्मच्या दोन्ही कडांना जी चौकोनी भोकं असतात, त्यात कॅमेऱ्याचे दाते अडकतात आणि फिल्म पुढे सरकते. त्या वेळी कच्ची फिल्म यायची ती कोरी, बिनभोकांची. ती आधी पाडून घ्यायची, तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म गेली. हे काम सरस्वतीबाई करायच्या. दिवसभर घर सांभाळून, रात्री अंधाऱ्या खोलीत, स्पर्शाने.

मी इंजिनियर असल्यामुळे हिशोब केल्याशिवाय राहवलं नाही. ३५ मिलिमीटरच्या फिल्ममध्ये फुटाला १६ फ्रेम, दर फ्रेमला दोन्ही कडांना चार-चार भोकं. म्हणजे फुटाला १२८. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी सुमारे ३,७०० फूट. गुणाकार करा : ४,७३,६००. पावणेपाच लाख भोकं! आणि यात वाया गेलेली फिल्म, पुन्हा घेतलेले शॉट आणि जास्तीच्या प्रती धरलेल्याच नाहीत. यंत्र असलं तरी ते चालवणारा हात माणसाचाच.

कॅमेरा आल्यावर फाळक्यांनी पहिलं शूटिंग कशाचं केलं? कुंडीतल्या वाटाण्याचं. रोज थोडं थोडं टिपून, महिनाभराची वाढ मिनिटाभरात दाखवणारी फिल्म. भांडवलदारांना पटवायला हा डेमो. त्यातून थोडे पैसे उभे राहिले आणि बाकीचे सरस्वतीबाईंच्या दागिन्यांतून. मग दादरच्या राहत्या घरी फॅक्टरी सुरू झाली. 'फॅक्टरी' हा शब्द फाळक्यांचाच. सिनेमात काम करतो म्हटलं तर लोक नावं ठेवायचे, म्हणून कोणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीला आहे असं सांगा, हे नटांना पढवलेलं. बाई मिळेना म्हणून तारामतीचं काम ग्रँट रोडच्या हॉटेलात नोकरी करणाऱ्या अण्णा साळुंक्यांनी केलं. तारामती तूच हो, असं सरस्वतीबाईंनाही विचारून झालं होतं. त्या नाही म्हणाल्या. आधीच साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, भोकं, फिल्म धुणं, शूटिंगच्या वेळी उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभं राहणं, एवढं सगळं त्यांच्याकडे होतं. मी त्यांच्या जागी असतो तर 'नाही' यापेक्षा बरंच काही म्हणालो असतो.

राजपुत्र रोहिदासाच्या भूमिकेत मात्र घरचाच मुलगा होता, भालचंद्र. आणि इथे तो प्रसंग येतो, ज्यावर मी रात्री दीड वाजता अडकलो. फाळक्यांच्या चरित्रांत तो सांगितला जातो. बाहेरगावी शूटिंग चालू असताना भालचंद्र खेळता खेळता दगडावर पडला, डोक्याला लागलं, रक्त आलं, पोर बेशुद्ध. सगळे म्हणाले काम थांबवा. उरलेलं दृश्य होतं रोहिदासाच्या मृत्यूचं. फाळक्यांनी प्रथमोपचार केले आणि त्या बेशुद्ध मुलाला घेऊनच ते दृश्य उरकलं.

मुलगा पुढे बरा झाला. पिक्चर २१ एप्रिल १९१३ ला ऑलिंपिया थिएटरमध्ये निमंत्रितांना दाखवला गेला आणि ३ मे ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. पुढचा इतिहास आपल्याला माहीत आहे. पण हा प्रसंग वाचून मी पिक्चर पॉज केला आणि पायांवरच्या पोरीकडे बघत बसलो. कॉलेजात असतो तर म्हणालो असतो, काय डेडिकेशन! आज माझ्याच्याने म्हणवत नाही. आणि त्यांना दोष द्यायचीही हिंमत होत नाही. ज्याचं एक मूल प्लेगने गेलंय त्या बापाला मुलाच्या बेशुद्धीची भीती माझ्यापेक्षा कमी वाटली असेल का? दागिने गेलेले, विमा गहाण, साठ-सत्तर माणसं ताटकळत उभी. पण त्या क्षणी ते मुलाकडे बघत होते की फ्रेमकडे? हा प्रश्न मी त्यांना विचारत होतो, पण उत्तर द्यायची वेळ दुपारी माझ्यावर येऊन गेली होती. माझ्याकडे तर गहाण टाकलेलं काही नव्हतं. नुसता एक मोबाइल.

थोडं हलकं होऊ. फाळके म्हणजे फक्त पुराणपट असं नाही. 'पिठाचे पंजे' नावाची छोटी विनोदी फिल्मही त्यांनी काढली. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघींनी एकत्र काम केलं. त्या कमलाबाई म्हणजे चंद्रकांत गोखल्यांच्या आई आणि विक्रम गोखल्यांच्या आजी. आणि १९१९ च्या 'कालियामर्दन'मध्ये छोटा कृष्ण झालीय फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. तिचं वय सातच्या आसपास. ही फिल्म बरीचशी शाबूत आहे, जरूर बघा. सुरुवातीलाच मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर चेहऱ्यावरचे एकेक भाव करून दाखवते. ते बघताना वाटतं, हिला कोणी पढवत नाहीये, ही बाबांबरोबर खेळतेय. भालचंद्रचा तो प्रसंग आणि मंदाकिनीचा हा चेहरा, यांच्यात काय बदललं असेल याचा मी खूप विचार केला. बाप तोच, वेडही तेच.

असाच दुसरा वेडा बाप आपल्या पुण्यात होऊन गेला. प्रा. दि. ब. देवधर. एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवायचे आणि महाराष्ट्राकडून क्रिकेट खेळायचे. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षं त्यांच्या कप्तानीखाली महाराष्ट्राने रणजी जिंकली. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी मुंबईविरुद्ध २४६ धावा. बावन्नाव्या वर्षी नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतक. (मी बत्तिसाव्या वर्षी सोसायटीच्या बॉक्स क्रिकेटनंतर दोन दिवस जिना उतरताना कठडा धरतो.) त्यांच्या नावाने देवधर करंडक आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या तिन्ही मुलींनी बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय पातळी गाजवली, हे माझ्या टीममध्ये एकालाही माहीत नव्हतं. १९४० च्या दशकात! म्हणजे त्या घरात खेळ एकट्या बापाचा राहिला नव्हता.

मला वाटतं, मुद्दा इथे आहे. बापाच्या आवडीची किंमत घर मोजतंच. फाळक्यांच्या घराने जरा जास्तच मोजली. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये फाळके गेले तेव्हा ज्या धंद्याला त्यांनी जन्म दिला, तो त्यांना मागे टाकून केव्हाच पुढे गेला होता. आज त्यांच्या नावाने देशातला सिनेमाचा सर्वोच्च पुरस्कार आहे. सरस्वतीबाई 'राजा हरिश्चंद्र'च्या एकाही दृश्यात नाहीत. पण त्यांनी पाडलेल्या भोकांशिवाय ती फिल्म कॅमेऱ्यातून वीतभरही पुढे सरकली नसती.

रात्री अडीच वाजता मी मोबाइलची गॅलरी उघडली. साडेचार महिन्यांत लेकीचे सहाशेच्या वर व्हिडिओ. सगळे बघणं शक्य नव्हतं, पण बरेच बघितले. अंघोळीचा, जावळाचा, पहिल्या हसण्याचा. त्यांत बायको कुठे दिसते माहितीये? एक हात. बांगडी घातलेला, मान सावरणारा एक हात. कुठे पदराचं टोक, कुठे ओढणी. आणि आवाज, "अले अले, कोण आलं". चेहरा जवळपास कुठेच नाही. कारण दर वेळी मी तिला फ्रेमबाहेर सरकवलं होतं.

तीन वाजता ती शिफ्ट घ्यायला उठली. मी म्हटलं, "दुपारचं सॉरी." ती म्हणाली, "दूध गरम करायला ठेव आणि झोप." म्हणजे माफी मिळाली की नाही ते अजून कळलेलं नाही.

या शनिवारी मोबाइल पुस्तकांना टेकवून उभा केला आणि आम्ही तिघंही सतरंजीवर. व्हिडिओ अगदी वाईट आलाय. माझं डोकं अर्धं कापलंय, पंख्याची सावली फिरतेय आणि लेक पालथी पडायच्या ऐवजी बायकोचे केस ओढतेय. बायको तोंड वाकडं करून ओरडतेय. फ्रेमच्या बरोब्बर मध्यभागी.

असो. बारा वाजले, शिफ्ट सुरू. आज 'अशी ही बनवाबनवी' लावणार आहे. आवाज बंद असला तरी संवाद पाठ आहेत.