शिसं : अक्षराचं आणि गोळीचं

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर शिशाचा एक खिळा आहे. भिंतीत ठोकायचा नव्हे, छापखान्यातला. ‘ळ’ या अक्षराचा. बी.ए. करत असताना मी गावातल्या एका छापखान्यात जुळारी म्हणून काम करत होतो. माझी पहिली कविता एका दिवाळी अंकात आली, तेव्हा तिचे खिळे मी माझ्याच हातांनी जुळवले होते. पुढे ऑफसेट आलं आणि मालकांनी सगळे टाइप भंगारवाल्याला किलोवर विकले. रस्त्यावर तराजू टांगला होता. पोत्यांतून अक्षरं ओतली जात होती. मी एक खिळा मागून घेतला. ‘ळ’च का? तर आमच्या घरात दख्खनी बोलतात आणि माझ्या दादीला ‘ळ’ कधी जमला नाही. ती शाळेला ‘शाला’च म्हणायची. हे अक्षर मी घराबाहेर कमावलेलं, म्हणून ते घरी आणलं.

त्या पोत्यांचं पुढे काय झालं, हा प्रश्न बरीच वर्षं मनात होता. बॅटऱ्यांमध्ये गेलं असेल, अशी मी समजूत करून घेतली होती. वेगळं उत्तर मिळालं ते अमेरिकेत.

लेकीकडे मॅसॅच्युसेट्स राज्यात गेलो होतो. शेजारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ राहतात. एके दिवशी त्यांच्या गॅरेजचं दार उघडं होतं. आत विजेच्या शेगडीवर एक जाड भांडं, हातात चामड्याचे मोजे, बाजूला चिमट्यासारखा दोन पाळ्यांचा साचा. गृहस्थ बंदुकीच्या गोळ्या ओतत होते! आपल्याकडे हे पाहिलं तर माणूस पोलीस ठाणं गाठेल. तिथे तो कायद्यात बसणारा जुना छंद आहे.

मी दचकलो तो मात्र गोळ्यांमुळे नाही. भांड्याजवळच्या खोक्यात शिशाच्या पट्ट्या होत्या आणि प्रत्येक पट्टीच्या कडेवर उलटी अक्षरं होती. लायनोटाइपच्या ओळी! एक उचलली आणि जुळाऱ्याच्या सवयीने उजवीकडून वाचून दाखवली. कुठल्याशा चर्चमध्ये शनिवारी संध्याकाळी सामुदायिक जेवण असल्याची बातमी होती. गृहस्थ माझ्याकडे बघतच राहिले. बंद पडलेल्या एका वर्तमानपत्राचं हे शिसं त्यांनी फार वर्षांपूर्वी विकत घेतलं होतं. इतक्या वर्षांत त्यातली ओळ कोणी वाचलीच नव्हती.

याचा इतिहास असा. ऑटमार मर्गेनथालर यांचं लायनोटाइप यंत्र १८८६ साली ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’मध्ये पहिल्यांदा चाललं. एकेक खिळा न जुळवता आख्खी ओळच ओतायची, छपाई झाली की ती वितळवून पुन्हा वापरायची. जवळजवळ शंभर वर्षं जगाच्या बातम्या अशा ओतल्या गेल्या. जुलै १९७८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’नेही हे यंत्र थांबवलं. गावोगावचे छापखाने बदलले आणि त्यांचं शिसं विक्रीला निघालं. गिऱ्हाईक तयारच होतं. घरी गोळ्या ओतणाऱ्या मंडळींना असाच धातू हवा होता.

असाच म्हणजे कसा? शुद्ध शिसं फार मऊ असतं, नखाने ओरखडा उठतो. लायनोटाइपच्या धातूत साधारण ८४ भाग शिसं, १२ भाग अँटिमनी आणि ४ भाग कथील. कथील आपल्याला कल्हईवाल्याने शिकवलं. आणि अँटिमनी? सुरमा ज्याला म्हणतात तो मुळात अँटिमनीचाच खनिज. (बाजारातल्या सुरम्यात पुष्कळदा शिशाचंच खनिज असतं, आणि ते डोळ्यांना लावू नये असं आता डॉक्टर सांगतात.) अँटिमनीमुळे शिसं कडक होतं. कथिलामुळे ते साच्याच्या कानाकोपऱ्यांत नीट उतरतं. शुद्ध शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, हे मिश्रण २४० च्या आसपासच पातळ होतं. अक्षर रेखीव यावं म्हणून छापखानेवाल्यांनी जे मिश्रण साधलं, तेच गोळी नीट बसावी म्हणूनही उपयोगी पडतं. दादीच्या डोळ्यातला सुरमा, आईच्या भांड्यांची कल्हई आणि छापखान्यातलं शिसं या तिघांचं मिळून एक काडतूस होऊ शकतं, हे मला त्या गॅरेजमध्ये कळलं.

घरात गोळी ओतणं ही तशी त्या देशाच्या जन्माइतकी जुनी गोष्ट. ९ जुलै १७७६ रोजी न्यूयॉर्कच्या लोकांनी इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा पुतळा पाडला. पुतळा शिशाचा होता. त्याचे तुकडे कनेक्टिकटमधल्या लिचफिल्ड गावी ऑलिव्हर वॉलकॉट यांच्या घरी नेले आणि तिथल्या बायकामुलांनी त्याच्या ४२,०८८ गोळ्या ओतल्या. हा हिशेब लिहून ठेवलेला आहे. राजाच्या पुतळ्याची गोळी राजाच्याच फौजेवर!

तेव्हाच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे आणि गोळी खरोखरच गोल असे. ‘बंदूक’ हा शब्दच पाहा. अरबीत ‘बुंदुक’ म्हणजे एक कवचाचं फळ, नंतर त्या आकाराची गोळी आणि शेवटी गोळी सोडणारं हत्यार. एकोणिसाव्या शतकात नळीच्या आत फिरक्या आट्या पाडलेली रायफल सैन्यात सर्वत्र आली आणि फ्रान्सच्या मिनिए या अधिकाऱ्याने तिच्यासाठी बुडाशी पोकळ, लांबट गोळी तयार केली. बार उडाला की पोकळ बूड फुगायचं आणि आट्यांत घट्ट बसायचं. मात्र गोळी सहज सरकावी, नळीत शिसं चिकटू नये, यासाठी वंगण लागायचं.

त्या वंगणाने हिंदुस्थानचा इतिहास बदलला. एनफिल्ड रायफलचं कागदी काडतूस दातांनी फाडायचं होतं आणि त्यावर गाईची व डुकराची चरबी असल्याची बातमी छावण्यांतून पसरली. हिंदू शिपाई हादरला, मुसलमान शिपाईही हादरला. शिपायांनी स्वतःच मेण आणि तेल आणून लावावं, अशी मुभा सरकारने जानेवारी १८५७ मध्ये दिली. पण एकदा विश्वास गेला तो गेला. मेरठच्या ८५ स्वारांनी एप्रिलमध्ये काडतुसं नाकारली. त्यांना बेड्या पडल्या आणि १० मे रोजी भडका उडाला. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या १९०७ साली छापल्या गेलेल्या पुस्तकातही या काडतुसांची हकिकत येते. ‘काडतूस’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, पण त्याची चव आपल्याला इंग्रजांनी दाखवली.

हे सगळं मला आठवलं, कारण ते शेजारी ओतलेल्या गोळ्यांना वंगण लावत होते. ‘हे कशाचं?’ मी विचारलं. ‘मधमाशीच्या मेणाचं,’ ते म्हणाले. मी त्यांना १८५७ ची गोष्ट सांगितली. त्यांनी ती पहिल्यांदाच ऐकली.

आता त्यांच्या रायफलीविषयी. ती होती एम-वन गॅरंड. जॉन गॅरंड १८८८ साली कॅनडातल्या क्वेबेकमध्ये जन्मले आणि स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेत कामाला होते. त्यांची ही रायफल अमेरिकी सैन्याने १९३६ साली स्वीकारली. तोवर बहुतेक सैनिक दर गोळीनंतर खटका हाताने मागेपुढे ओढत. गॅरंडमध्ये ते काम गोळीमागचा वायूच करतो. नळीच्या टोकाजवळ एक बारीक छिद्र असतं. त्यातून थोडा वायू दट्ट्यावर येतो, दट्ट्या दांडा मागे ढकलतो, रिकामं पुंगळं बाहेर पडतं आणि नवं काडतूस आत बसतं. आठ काडतुसांची पत्र्याची पकड एकदम आत जाते. आठवी गोळी सुटली की रिकामी पकड ‘टिंग’ करून वर उडते. अशा सुमारे ५४ लाख रायफली बनल्या. गॅरंड यांनी आपले हक्क सरकारला देऊन टाकले होते. त्यांना एक लाख डॉलर द्यावेत असं विधेयक आलं, पण ते मंजूर झालं नाही.

या रायफलीत घरगुती गोळी चालवणं अवघड का? १८८० च्या दशकात धूर न करणारी, जास्त जोरकस दारू आली. तिच्या वेगाला उघडं शिसं टिकेना. स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिन यांनी त्याच दशकात गोळीवर तांब्याचं वेष्टण चढवलं होतं. गॅरंड ही त्या वेष्टणवाल्या, सेकंदाला आठशे मीटरहून अधिक वेगाने जाणाऱ्या गोळीसाठी बनली. शिशाची गोळी तेवढ्या वेगाने सोडली तर नळीत शिसं माखतं, त्या बारीक छिद्राजवळ मेण आणि काजळी साचते. वेग कमी करावा, तर दट्ट्याला पुरेसा रेटा मिळत नाही आणि यंत्र अर्ध्यावर अडकतं. म्हणून धातू कडक हवा आणि गोळीच्या बुडाला तांब्याची चिमुकली टोपी हवी. हे साधायला त्या गृहस्थांना कित्येक वर्षं लागली होती.

‘एवढा खटाटोप कशासाठी?’ मी विचारलं. त्यांचे वडील अशीच रायफल घेऊन दुसऱ्या महायुद्धात लढले होते. परत आल्यावर त्यांनी युद्धाबद्दल एक शब्दही काढला नाही. मुलाने सैन्याच्या जुन्या साठ्यातली रायफल नागरिकांसाठीच्या सरकारमान्य योजनेतून घेतली. ‘वडील बोलले नाहीत, निदान ही तरी बोलते,’ ते म्हणाले.

एका रविवारी त्यांच्याबरोबर मैदानावर गेलो. परदेशी पाहुण्याला तिथे बंदूक हाताळायला कायद्याची अडचण असते, असं जावयांनी बजावलं होतं. मला तर हायसंच वाटलं. मी कानांवर झडपा लावून मागे उभा राहिलो. समोर कागदाचं लक्ष्य, मागे वाळूचा ढीग. आठ आवाज आणि एक ‘टिंग’. चर्चमधलं जेवण, कुणाचं लग्न, कुणाचं निधन, कुठला बाजारभाव, सगळं वाळूत जाऊन बसलं. मग लक्षात आलं, ही माणसं वाळू चाळून शिसं परत काढतात आणि पुन्हा वितळवतात.

येताना आम्ही स्प्रिंगफील्डला थांबलो. ती शस्त्रशाळा १९६८ साली बंद झाली, आता तिथे संग्रहालय आहे. कवी लाँगफेलो १८४३ साली लग्नानंतरच्या प्रवासात नवपरिणीत पत्नीसह तिथे आला होता. उभ्या मांडलेल्या बंदुकांच्या नळ्या पाहून तिला चर्चमधल्या ऑर्गनच्या नळ्या आठवल्या आणि तिने नवऱ्याला शांततेवर कविता लिहायला सांगितलं. त्याने ती लिहिलीही. त्यानंतर सव्वाशे वर्षं त्या शाळेत बंदुका बनतच राहिल्या. कवितेने कारखाना बंद पडत नाही, हे मी तिथे उभा राहून मान्य केलं. पण मी तिथे गेलो तो त्या कवितेमुळेच, हेही खरं.

निघायच्या आदल्या दिवशी मी त्या शेजाऱ्यांकडे ती चर्चच्या जेवणाची पट्टी मागितली. त्यांनी खोक्यात शोधली. नव्हती. ती भांड्यात गेली होती. ते खरोखर ओशाळले. मग खोकं माझ्यापुढे सरकवून म्हणाले, ‘तुम्ही वाचा आणि हवी ती घ्या.’ आम्ही दोघं दुपारभर जमिनीवर बसलो. मी उलट्या ओळी वाचत होतो, ते ऐकत होते. हरवलेलं कुत्रं, शाळेचा निकाल, पावसाने वाहून गेलेला पूल. काही पट्ट्या त्यांनी स्वतःहून बाजूला ठेवल्या. या वितळवणार नाही, म्हणाले.

माझ्या गावच्या त्या पोत्यांपुढे असं कोणी बसलं नाही. मीही नाही. एक ‘ळ’ उचलला आणि निघून आलो.

हरवलेल्या कुत्र्याची ती ओळ आता त्या ‘ळ’शेजारी आहे. दोन्हींना हात लागला की मी हात धुतो. शिसं अंगात भिनतं, हे छापखान्यात आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)