किलिमांजारोचे आरोहण आणि नावांची साक्ष

विषुववृत्ताच्या दक्षिणेस अवघ्या तीन अंशांवर, टांझानिया देशाच्या उत्तर सीमेलगत, किलिमांजारो हा आफ्रिका खंडातील सर्वोच्च पर्वत उभा आहे. शिरा, किबो आणि मावेन्झी अशा तीन ज्वालामुखी शिखरांचा तो समुदाय असून त्यांपैकी किबोची उंची 5895 मीटर आहे. दोर व कुऱ्हाडी न घेता, केवळ पायी चालून, पाच-सहा दिवसांत ज्याच्या माथ्यावर पोहोचता येते अशा अत्युच्च पर्वतांत त्याची गणना होते. आग्नेयेकडील मरांगू गावाहून निघणारा प्रवासी पहिल्या दिवशी अरण्यातून चढत 2720 मीटरवरील मांडारा या मुक्कामी येतो. दुसऱ्या दिवशी अरण्य संपून झुडपांचा प्रदेश लागतो आणि 3720 मीटरवर होरोंबो हा मुक्काम येतो. तिसरी मजल दोन शिखरांमधील उजाड खिंडीवरून 4720 मीटरवरील किबो विश्रामगृहापर्यंतची. तेथून मध्यरात्री निघून, भुसभुशीत राखेचा चढ चढत, पहाटेच्या सुमारास 5685 मीटरवर ज्वालामुखाची कड गाठावयाची आणि तिच्यावरून उहुरू या अंतिम टोकाकडे जावयाचे, असा हा क्रम. तेथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने जवळजवळ निम्मा असतो. म्हणूनच या वाटेवर वाटाड्यांच्या मुखी 'पोले पोले', म्हणजे 'हळूहळू', हा एकच उपदेश सतत असतो.

या वाटेवरील मुक्कामांच्या नावांकडे प्रवाशाचे सहसा लक्ष जात नाही. तथापि त्यांतील बहुतेक नावे एकदा तरी बदललेली आहेत आणि प्रत्येक बदलामागे एक वाद आहे. या पर्वतासंबंधी कोणाचे बोलणे पुरावा म्हणून ग्राह्य धरावयाचे, हा तो वाद होय. आणि त्याचा आरंभ प्रत्यक्ष आरोहणापूर्वी चाळीस वर्षे एका साध्या शब्दापासून झाला.

योहानेस रेबमान हा वुर्टेंबर्गचा रहिवासी चर्च मिशनरी सोसायटीच्या सेवेत असून मोंबासानजीकच्या रबाई येथे योहान लुडविग क्राफ या सहकाऱ्यासह राहत असे. 11 मे 1848 रोजी सकाळी, चागा लोकांच्या प्रदेशाकडे जात असता, त्याला दूरच्या एका पर्वताच्या माथ्यावर लखलखीत पांढरे काही दिसले. प्रथम तो ढग असावा असे त्याला वाटले. त्याने वाटाड्यास विचारले. वाटाड्याने त्या पांढऱ्या वस्तूचे नाव सांगितले नाही. तो एवढेच म्हणाला, 'बरिदी'. स्वाहिलीत हा शब्द अरबीतून आलेला असून त्याचा अर्थ थंडी असा आहे. रेबमान हिमाच्छादित आल्प्सच्या शेजारच्या देशात वाढलेला. त्या एका शब्दाने त्याची शंका फिटली.

या उत्तराचे स्वरूप सूक्ष्मपणे पाहण्याजोगे आहे. समुद्रकिनाऱ्यावर वावरणाऱ्या त्या माणसाच्या व्यवहारात हिमाला वाचक असा शब्द असण्याचे कारण नव्हते. ज्या वस्तूला नाव नाही ती भाषेच्या वक्त्याला अज्ञातच असते, असे मानण्याचा प्रघात विद्वानांतही आढळतो. पण तो भ्रामक आहे. वाटाड्याने द्रव्याचे नाव नसताना त्याचा गुणधर्म सांगितला, आणि तोच गुणधर्म निर्णायक ठरला. चांदी, खडू किंवा गारगोटी याही वस्तू पांढऱ्या दिसतात, परंतु त्यांना कोणी 'थंडी' म्हणणार नाही. कोकणातल्या किंवा देशावरच्या मराठी माणसाने तरी हिम पिढ्यान्‌पिढ्या कोठे पाहिले होते? त्याला 'हिम' हा शब्द संस्कृत वाङ्मयाने दिला, 'बर्फ' फारसीने दिला. शब्द आहे, अनुभव नाही, अशी ती अवस्था होती. चागा प्रदेशात तिची नेमकी उलट बाजू दिसते.

कारण तेथील लोकांजवळ अनुभवाचा संचय विपुल होता. रेबमानने टिपून ठेवलेल्या हकिगतींत, शिखरावर चांदी आहे या समजुतीने वर गेलेल्या आणि खाली आणलेल्या द्रव्याचे पाणी झालेले पाहणाऱ्या लोकांची कथा आहे. माचामे येथील एका राजाने मोठा जथा वर पाठविला असता साबाया नावाचा एकच मनुष्य जिवंत परतला आणि त्याचेही हातपाय थंडीने कायमचे निकामी झाले होते, असेही त्याने नोंदविले आहे. सांगणारे या आपत्तीचा कर्ता म्हणून पिशाचांचा निर्देश करीत. तो भाग वगळला तर उरते ते हिमदंशाचे बिनचूक वर्णन होय. रेबमानने पिशाचे बाजूला सारून वर्णन स्वीकारले, यात त्याची विवेकबुद्धी दिसते.

चागा भाषेतही या पदार्थाला नाव नाही, असे रेबमानने प्रथम लिहिले. पुढे मात्र किनाऱ्यावरील लोक ज्याला किलिमांजारो म्हणतात त्याला चागा लोक 'किबो', म्हणजे हिम, म्हणतात असे नमूद केले. हे दोन उल्लेख परस्परविरुद्ध वाटतात. पुढील अभ्यासकांनी 'किबो' हा शब्द चागा भाषेतील 'ठिपकेदार' या अर्थाच्या शब्दाशी जोडला आहे. पांढऱ्या हिमातून डोकावणारे काळे खडक पाहिले म्हणजे ती उपपत्ती पटते. वक्ता शिखराकडे बोट दाखवून 'किबो' म्हणतो. ऐकणाऱ्याची दृष्टी त्याच्या पांढऱ्या भागावर खिळलेली असते. क्षेत्रीय भाषाभ्यासात असे घोटाळे नित्याचेच. तरीही रेबमान हा निष्काळजी श्रोता नव्हता. न्यासा सरोवराकडील भाषेचा कोश त्याने सालिमिनी नावाच्या एका दास्यात सापडलेल्या माणसाकडून ऐकून तयार केला आणि तो त्याच्या मृत्यूनंतर 1877 मध्ये क्राफने संपादून प्रसिद्ध केला. रेबमानच्या उत्तरायुष्याचा एक धागा महाराष्ट्राशीही जुळतो : 1864 मध्ये रबाई येथे त्याच्या साहाय्यास आलेले विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर हे मुक्त केलेले आफ्रिकी तरुण नाशिकजवळच्या शरणपूर येथील मिशनच्या आश्रमात शिकलेले होते.

रेबमानचे वृत्त 1849 मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले आणि लंडनमध्ये त्याचा उपहास सुरू झाला. त्यात विल्यम डेसबरो कूली हा भूगोलपंडित अग्रभागी होता. कूली आफ्रिकेत कधीही गेलेला नव्हता. पोर्तुगीज ग्रंथ आणि लंडनला आलेल्या एका झांझिबारी गृहस्थाची माहिती यांवर त्याचा नकाशा उभा होता. किलिमांजारोच्या माथ्यावर तांबडे अकीक विखुरलेले आहेत, असे त्याने पूर्वीच लिहून ठेवले होते. आता विषुववृत्तावर हिम असणे अशक्य, मिशनऱ्याची दृष्टी अधू, आणि देशी लोकांच्या कथा म्हणजे कल्पनाविलास, असा त्याचा पवित्रा होता. कूली अडाणी नव्हता. त्याच्या काळी आफ्रिकेविषयीच्या जुन्या साधनांचा असा व्यासंग क्वचितच कोणी केला असेल. परंतु ग्रंथ आणि साक्षीदार यांत विरोध आला की ग्रंथ खरा, हा त्याचा नियम होता. 3 डिसेंबर 1849 रोजी क्राफला केनिया पर्वतावर हिम दिसले, तेही त्याने मानले नाही.

वाद मिटला तो पर्वतावर चढूनच. 1861 मध्ये हानोव्हरचा सरदार कार्ल क्लाउस फॉन डेर डेकेन हा रिचर्ड थॉर्नटन या भूगर्भशास्त्रज्ञासह थोडा वर गेला. 1862 मध्ये तो ओटो केर्स्टनसह सुमारे 4200 मीटरच्या पलीकडे पोहोचला आणि हिमवर्षाव त्याने स्वतः अनुभवला. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले. 1871 मध्ये चार्ल्स न्यू हा मिशनरी हिमरेषेपर्यंत गेला. वाटाड्याचा 'बरिदी' हा शब्द अशा रीतीने तेवीस वर्षांनी हाताला लागला. रेबमान 1875 मध्ये मायदेशी परतला तेव्हा त्याची दृष्टी गेलेली होती. दुसऱ्याच वर्षी तो वारला.

शिखरापर्यंत जाण्याचे श्रेय हान्स मायर या लाइपझिगच्या प्रकाशक घराण्यातील भूगोलज्ञाकडे जाते. 1887 मध्ये बर्फाच्या भिंतीशी त्याला थांबावे लागले. 1888 मध्ये किनाऱ्यावर जर्मन सत्तेविरुद्ध उठाव झाला. मायर आणि त्याचा सोबती ऑस्कार बाउमान हे पकडले गेले आणि खंडणी देऊन सुटले. 1889 मध्ये साल्झबर्गचा व्यायामशिक्षक लुडविग पुर्टशेलर यास घेऊन तो तिसऱ्यांदा आला. पूर्वीच्या अपयशाचे कारण त्याने बरोबर ओळखले होते : उंचीवर माणूस हरतो त्याआधी त्याचा शिधा संपतो. म्हणून मरांगूचा राजा मारेआले याच्या आश्रयाने त्याने पायथ्याशी मोठा तळ, अरण्याच्या वरच्या सीमेवर दुसरा आणि सुमारे 4300 मीटरवर तिसरा अशी साखळी उभारली, आणि ठराविक दिवसांनी खालून वर अन्न पोहोचेल अशी योजना केली. वरच्या तळावर दोघा युरोपीयांबरोबर पांगानीचा म्विनी अमानी हा एकच माणूस त्या थंडीत राहिला. 3 ऑक्टोबर रोजी बर्फात पायऱ्या खोदत ते ज्वालामुखाच्या कडेपर्यंत गेले, परंतु दिवस अपुरा पडल्याने परतले. वर एका गुहेत रात्र काढून पुन्हा निघाले तेव्हा, 6 ऑक्टोबर 1889 रोजी, त्यांनी सर्वोच्च टोक गाठले. मायरने त्याला जर्मन सम्राटाचे नाव दिले आणि शिखरावरचा एक दगड सम्राटास अर्पण केला. तो पॉट्सडॅमच्या राजवाड्यात बसविण्यात आला.

त्या साखळीतील खालच्या कड्या कोणाच्या होत्या, हा प्रश्न शंभर वर्षांनी उपस्थित झाला. 1989 मध्ये शताब्दीच्या वेळी मरांगूचे वृद्ध गृहस्थ योहानी किन्याला लाउवो यांचा मायरचे वाटाडे म्हणून गौरव झाला. 1996 मध्ये ते निवर्तले. हा दावा खरा मानल्यास त्यांचे वय सव्वाशेच्या घरात जाते, आणि मायरच्या वृत्तांतात त्यांचे नाव आढळत नाही, म्हणून इतिहासकार साशंक आहेत. शंका रास्त आहे. मात्र नाव न आढळणे हा येथे दुबळा पुरावा होय, कारण ओझी वाहणाऱ्यांची नावे लिहिण्याची त्या काळच्या प्रवासवर्णनांची रीतच नव्हती. स्वाहिलीत 'हमाली' हा आपल्या 'हमाल' शब्दाचा सख्खा भाऊ आहे. पर्वतावरच्या ओझेवाल्याला मात्र 'म्पगाझी' म्हणतात. शब्दाने एवढा भेद राखला, ग्रंथांनी तोही राखला नाही.

जर्मन राजवटीत वाटेवरच्या पहिल्या मुक्कामास बिस्मार्कचे आणि दुसऱ्यास कार्ल पेटर्सचे नाव मिळाले. हा पेटर्स याच पर्वताच्या पायथ्याशी अधिकारी असता त्याने आपला एक आफ्रिकी नोकर व आपल्याजवळ असलेली एक आफ्रिकी स्त्री यांना फाशी दिले होते, आणि त्याबद्दल 1897 मध्ये खुद्द जर्मन शासनानेच त्याला बडतर्फ केले होते. तरी मुक्कामाचे नाव टिकले. इंग्रजी अंमलातही ते चालले. 9 डिसेंबर 1961 रोजी टांगानिका स्वतंत्र झाला तेव्हा अलेक्झांडर न्यिरेंडा या लष्करी अधिकाऱ्याने शिखरावर नव्या राष्ट्राचा ध्वज व मशाल नेली, आणि त्यानंतर शिखर 'उहुरू' म्हणून ओळखले जाऊ लागले. 'हुरू' म्हणजे स्वतंत्र हे मूळ अरबी. त्याला भाववाचक 'उ' हा बांटू उपसर्ग लागून 'स्वातंत्र्य' झाले. आपल्याकडे ऐकू येणारा 'हुर्रियत' हा शब्द त्याच धातूचा. बिस्मार्कच्या जागी मोशीचा राजा मांडारा आला आणि पेटर्सच्या जागी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा पराक्रमी चागा राजा होरोंबो. हिमनद्यांची जर्मन नावे मात्र नकाशावर तशीच राहिली. त्यांत एक रेबमानचीही आहे. त्या हिमनद्याच आता आटत आहेत : 1912 मधील हिमाच्छादनापैकी सुमारे 85 टक्के 2007 पर्यंत नष्ट झाले होते.

राहता राहिले खुद्द पर्वताचे नाव, आणि तेच सर्वांत दुर्बोध आहे. स्वाहिलीत पर्वताला 'म्लिमा' म्हणतात. 'की' हा उपसर्ग लघुत्वदर्शक असल्याने 'किलिमा' म्हणजे टेकडी, जसे आपल्याकडे डोंगराची डोंगरी होते. खंडातील सर्वोच्च पर्वताला कोणी टेकडी का म्हणावे? 'न्जारो'चे तर महत्ता, शुभ्रता, काफिला, थंडीचे पिशाच असे नाना अर्थ सांगितले गेले. त्यांतील 'महत्ता' हा अर्थ आजच्या स्वाहिलीत आढळत नाही. दुसरी उपपत्ती चागा भाषेतील 'हरविणारे, दुष्कर' या अर्थाच्या शब्दापासून निघते : काफिल्याला जे जिंकता येत नाही ते. पर्वताचे नाव विचारणाऱ्या परक्याला 'तो चढता येत नाही' असे उत्तर मिळाले असावे आणि त्याने तेच नाव म्हणून लिहून घेतले असावे, ही कल्पना आकर्षक आहे. परंतु आकर्षक व्युत्पत्तींविषयी अधिकच सावध राहणे बरे. चागा लोकांना संपूर्ण पर्वताला एक नाव देण्याची गरज भासली नव्हती, हे मात्र संभवनीय दिसते. त्यांना किबो माहीत होता आणि मावेन्झी माहीत होता. मावेन्झी वारंवार विस्तव मागावयास येई म्हणून चिडलेल्या किबोने त्याला मुसळाने बदडले, त्यामुळे त्याचा माथा असा दातेरी झाला, अशी त्यांची कथा आहे. मासाई लोक मात्र या पर्वताला सरळ 'शुभ्र पर्वत' या अर्थाच्या नावाने ओळखतात.

आज माचामेकडून सहा-सात दिवसांत चढणारे प्रवासी शेवटची रात्र सुमारे 4670 मीटरवरील एका खडकाळ कण्यावर घालवितात. त्या मुक्कामाचे नाव 'बराफू'. हिमवर्षावाला स्वाहिलीने पुढे अरबीतून 'थेलुजी' हा शब्द घेतला. गोठलेल्या पाण्याला मात्र 'बराफू' म्हटले जाते, आणि हा फारसी 'बर्फ' हिंदी महासागराच्या वाटेने आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरलेला आहे. मराठी प्रवाशाला त्या मुक्कामाच्या नावाचा अर्थ वाटाड्यास विचारावा लागत नाही.